बाकडं, कॅसेट, गोगल

सिंधुदुर्गात आभासी जग विजेच्या आधी आलं. पिंगुळीच्या ठाकरांनी ते कागदावर रंगवलं, दशावतारी कलाकारांनी एका लाकडी बाकड्यावर उभं केलं आणि माझ्यासारख्या व्हिडिओवाल्यांनी कॅसेटीत भरून लालबाग-परळच्या खोल्यांत पोचवलं. आता ते डोळ्यांवर बांधायच्या गोगलात जाणार म्हणतात, आणि त्याचं नाव मेटाव्हर्स. मालवणात भरडावर माझं शूटिंगचं दुकान. लग्नं, मुंजी, डबलबारीची भजनं, जत्रा, पालख्या, सगळं कॅमेऱ्यात घेत आलो. जो इथं येऊ शकत नाही त्याला इथलं दाखवायचं, हा माझा धंदा. मेटाव्हर्सवाल्यांचाही धंदा हाच. म्हणून त्यांच्या आधी या वाटेनं कोण कोण गेलं आणि शेवटी कुणाच्या हाती काय लागलं, ते सांगावंसं वाटतं.

सुरुवात पिंगुळीपासून करू. कुडाळला लागूनच हे गाव आहे. तिथली ठाकर समाजाची घराणी पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करत आली. फूटभर उंचीचे कागद, त्यांवर रामायण-महाभारतातले आणि पुराणांतले प्रसंग, दोन-दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एका कथेच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे पोथी. सांगणारा मांडी घालून बसतो, चित्र पुढ्यात उभं धरतो, सोबतीला वीणा, टाळ, हुडूक. थोडं गाणं, थोडं बोलणं. प्रसंग बदलला की चित्र बदलतं. चित्रातला अर्जुन जागचा हलत नाही. त्याचा बाण सुटतो तो सांगणाऱ्याच्या आवाजात आणि हुडुकाच्या ठोक्यात. चित्रं दाखवून गोष्ट सांगणाऱ्या माणसाचा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. बंगालचे पटुआ आणि जावा बेटावरचा वायांग बेबेर हे याच कुळातले. म्हणजे परंपरा मोठी आणि पसरलेली. पिंगुळीत ती टिकून राहिली.

याच घराण्यांकडे लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या बाहुल्याही. पांढरं कापड ताणायचं, मागं दिवा ठेवायचा आणि दोहोंच्या मध्ये बाहुली धरायची. ज्योत थरथरली की कापडावरचा राक्षसही थरथरतो. मी प्रोजेक्टर भाड्यानं देणारा माणूस. मला त्यात पडदा, दिवा, आवाज आणि मशीन चालवणारा, असं सगळं एका चटईवर बसलेलं दिसतं.

पण मला या कलेच्या रंगांपेक्षा तिच्या व्यवस्थेचं जास्त अप्रूप आहे. सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयानं या घराण्यांना गावं आणि देवळं नेमून दिलेली होती. कोणत्या घरानं कोणत्या देवळात कथा सांगायची ते ठरलेलं. खेळाला जागा होती, तिथी होती, आणि खेळ करणाऱ्याचा हक्क अख्ख्या गावाला ठाऊक होता. पोथी घराण्याची. ती जीर्ण झाली तर पाण्यात विसर्जन करायची, हा रिवाज.

१९४८ साली संस्थान विलीन झालं. राजाश्रय गेला, पुढं रेडिओ आला, सिनेमा आला आणि देवळातली रात्र ओस पडत गेली. पोट भरेना तेव्हा पोथ्याही घराबाहेर पडल्या. काही हौशी संग्राहकांकडे गेल्या, काही संग्रहालयांत. चित्रं जपली गेली हे चांगलंच झालं. पण काचेमागं ठेवलेल्या चित्राखाली पाटी असते, गाणं नसतं. म्हणून परशुराम गंगावणे यांनी केलेलं काम मला मोठं वाटतं. त्यांनी पिंगुळीतच, गुढीपूरला, आपल्या घरच्या गोठ्यात संग्रहालय मांडलं आणि त्याला ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ असं नाव दिलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या अंगणात पोथी बघायला मिळते आणि ती सांगणारं माणूसही तिथंच भेटतं.

सावंतवाडीच्या गंजिफाची गत वेगळी झाली. लाखेचा हात दिलेली ही खेळायची गोल पानं. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं, मिळून १२० पानांचा डाव. गेल्या शतकाच्या मध्यावर ही पानं रंगवणारे हात जवळजवळ संपले होते. राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या जुन्या कारागिराकडून ती विद्या शिकून घेतली आणि राजवाड्यातच काम सुरू केलं. आजही तिथं पानं रंगवणारे कलाकार बसलेले दिसतात. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकनही मिळालं. कारागिरी वाचली. मात्र विकत घेणारे बहुतेक लोक पानं कपाटात मांडून ठेवतात. डाव टाकता येणारा गडी शोधावा लागतो. एखादं जग जपायचं म्हणजे वस्तू जपायची की वापर जपायचा, हा प्रश्न इथं पहिल्यांदा नीट दिसतो, आणि तो पुढं प्रत्येक यंत्राबरोबर पुन्हा येतो.

यंत्रांचा विषय निघाला म्हणून कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांचं नाव घ्यायला हवं. १८९२ च्या सुमाराला त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. काचांवर हातानं रंगवलेली चित्रं, मागं दिवा, पुढं भिंग. काचा सरकवून पात्रांना हालचाल द्यायची आणि बाजूनं निवेदन आणि गाणं. मुंबईत ल्युमिएर बंधूंचा सिनेमा १८९६ साली दाखवला गेला, त्याच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. पोथीतली चित्रं कागदावरून काचेवर गेली. गोष्टी त्याच राहिल्या, रामाच्या, सीतेच्या. आपल्याकडे नव्या यंत्राला पहिलं काम देवाचंच मिळतं. माझ्या कॅमेऱ्यालाही तेच मिळालं.

तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे जत्रा सुरू होतात, आणि जत्रा म्हटली की दशावतार. आधी पेटाऱ्याची पूजा. मग आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी, आणि काळ्या कपड्यांतला संकासुर. वेद चोरणारा हा राक्षस मालवणीत अशी काही टोलेबाजी करतो की पहिल्या रांगेतले मानकरीही सुटत नाहीत. मध्यरात्रीनंतर आख्यान रंगतं आणि पहाटे दहीकाला होतो. लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात, आणि संवाद उभ्याउभ्या सुचतात. बायकांच्या भूमिका पुरुषच करतात. ज्याची त्यानं रंगरंगोटी करायची. सकाळी तोच माणूस आपलं बोचकं डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला निघतो. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्याच्यावरूनच पडली.

सामानाच्या नावानं रंगमंचावर काय असतं? एक बाकडं. त्यावर राजा बसला की सिंहासन. देव उभा राहिला की कैलास. योद्ध्यानं एक पाय वर ठेवून लगाम धरल्यासारखा हात केला की रथ. आणि हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण बाकड्याचा रथ कधी झाला आणि पुन्हा बाकडं कधी झालं यात तिची चूक होत नसे. अर्धं जग नट उभं करतो, उरलेलं अर्धं प्रेक्षक, आणि मध्ये हार्मोनियम आणि पखवाज.

हे मला कळलं ते कॅमेऱ्यामुळे. खांद्यावरचे व्हीएचएस कॅमेरे आमच्या भागात आले तेव्हा पहिली मागणी लग्नांची होती आणि दुसरी जत्रांची. पॅनासॉनिकचा एम ९००० हा आम्हा लोकांचा लाडका कॅमेरा. एका खांद्यावर तो, मागं केबल सांभाळणारा पोरगा, बाजूला हॅलोजन धरणारा दुसरा. कॅसेट तीन तासांची आणि नाटक पहाटेपर्यंतचं, त्यामुळे ऐन युद्धात कॅसेट बदलायची पाळी येई. तेव्हा पखवाजवाल्याला खूण केली तर तो दोन आवर्तनं जास्त वाजवायचा. इतकी समजूत होती. पण दुकानात येऊन ते टीव्हीवर लावलं की गंमत निघून जायची. रात्री ज्याला मी सिंहासन म्हणून बघितलं होतं ते टीव्हीवर बाकडं दिसायचं. कडेचा खिळा वर आलेला, एका पायाखाली दगड ठेवलेला. कॅमेरा प्रामाणिक असतो, त्याला सिंहासन दिसत नाही. हॅलोजनच्या उजेडात चेहऱ्यावरचा मुरदाडशिंगही नको तितका उठून दिसायचा. पेट्रोमॅक्सच्या उजेडात तोच चेहरा देवाचा वाटायचा.

तरी कॅसेटी खपल्या, कारण घेणारा चाकरमानी होता. आमचा जिल्हा कित्येक वर्षं मुंबईच्या मनीऑर्डरीवर जगला. गिरणीत, गोदीत, हॉटेलात काम करणाऱ्या माणसाला गणपतीला रजा मिळायची, शिमग्याला मिळाली तर मिळायची, गावच्या जत्रेला मिळेलच असं नाही. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ साली. त्याआधी रात्रभराची एसटी आणि घाटातली वळणं. अशा माणसाला तीन तासांची कॅसेट म्हणजे अर्धी जत्रा. तो नाटक बघायचाच, पण त्याहून जास्त प्रेक्षक बघायचा. आई कुठल्या बाजूला बसली, शेजारचा म्हातारा अजून आहे की नाही, देवळाला नवा रंग कुठला दिला. म्हणून मी दर आख्यानात मधूनमधून कॅमेरा प्रेक्षकांवर फिरवायचो. ती दृश्यं कापू नका, असं गिऱ्हाईक बजावून सांगायचं.

पुढं सीडी आली. एका सीडीत सव्वा तासाच्या आसपास चित्रीकरण मावायचं, म्हणून एका नाटकाच्या तीन सीड्या व्हायच्या. डबलबारीच्या सीड्या तर गरम भज्यांसारख्या जायच्या. दोन बुवा समोरासमोर, एकानं शेरा मारायचा, दुसऱ्यानं तो अभंगातून परत करायचा. आणि सीडीबरोबरच नक्कल आली. आम्ही रात्रभर जागून केलेलं शूटिंग आठवड्याभरात दुसऱ्याच्या लेबलखाली जत्रेच्याच दुकानात दिसायचं. त्या दिवसांत एका जुन्या दशावतारी नटानं मला देवळामागं गाठून विचारलं होतं, “मेल्या, माझो आवाज तुझ्या कॅसेटीत गेलो. तो रोज बोलतलो. माका नाईट मात्र एकाच रातीची. ह्यो हिशोब खंयचो?”

हिशोब बरोबर होता त्याचा. आमच्या दुकानाचा नियम असा होता की शूटिंग करण्याआधी कंपनीच्या मालकाशी रक्कम ठरवायची आणि एक प्रत त्यांना द्यायची. पण मूळ प्रतीवरचं नियंत्रण माझ्याही हाती राहत नव्हतं, तर त्याच्या हाती कुठून राहणार? पिंगुळीच्या पोथीची मालकी सगळ्या गावाला माहीत असे. सीडीची कुणालाच नसे. याच्या उलट उदाहरण ‘वस्त्रहरण’चं. गंगाराम गवाणकरांचं हे मालवणी नाटक १९८० साली रंगभूमीवर आलं, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे पाच हजारांहून जास्त प्रयोग केले. गावातल्या हौशी नाटकवाल्यांची धमाल त्यांनी थेट नाट्यगृहात नेली. तिथं गावाबरोबर नटही गेला, म्हणून तिकिटाचा पैसा नटाच्या हाती आला. कॅसेटीत मात्र गाव गेलं आणि नट मागंच राहिला.

२०१६ साल आमच्या धंद्याला दोन बाजूंनी लागलं. त्या वर्षी ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली आणि तिचं चित्रीकरण सावंतवाडीजवळ आकेरीत झालं. पुण्या-मुंबईहून येणारे पर्यटक गाडी थांबवून अण्णा नाईकांचा वाडा कुठं, म्हणून विचारू लागले. अण्णा नाईक हे मालिकेतलं पात्र, असा माणूस कधी नव्हताच; वाडा मात्र खरा आणि रस्ताही खरा. टीव्हीतलं गाव बघून खऱ्या गावात येणारी ही पहिली पिढी. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि लोकांच्या खिशातल्या फोनांनी माझ्या सीड्या संपवल्या. मग मीही थेट प्रक्षेपणाकडे वळलो.

मालवणात दिवाळीच्या पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघते. नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण करतात. हे मी यूट्यूबवर थेट दाखवू लागलो. कॅसेटीच्या काळात बघणारा मुका होता. आता तो बोलायला लागला. देवळात गाऱ्हाणं सुरू झालं की पडद्याखाली ‘होय म्हाराजा’ची रांग लागते. डोंबिवलीतून, मस्कतहून, लंडनहून. कुणी लिहितं, जरा डावीकडे दाखवा, आमचं घर दिसतंय. यात मला काही अजब वाटत नाही. गाऱ्हाण्यात परगावी असलेल्या लेकरांची नावं घेण्याचा रिवाज फोनच्या आधीचा आहे. माणूस मुंबईत, नाव देवासमोर. नाव हजर म्हणजे माणूस हजर, असं गावानं कधीच मान्य करून टाकलेलं आहे. मेटाव्हर्सवाले जे विकू बघतात ते हेच: शरीर एकीकडे, हजेरी दुसरीकडे. आमच्याकडे त्याची किंमत एक नारळ आणि विड्याचं पान.

करोनात या सगळ्याची परीक्षा झाली. २०२१ च्या मार्चमधली आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा फक्त आंगणे कुटुंबीयांपुरती झाली. एरवी लाखांनी माणसं येतात, त्या माळावर शांतता होती. दशावतारी मंडळांचा हंगाम बुडाला. काहींनी प्रेक्षकांविना प्रयोग करून ते ऑनलाइन टाकले. असं एक शूटिंग मीही केलं. कॅमेरे चांगले, प्रकाश चांगला, आवाज स्वच्छ. संकासुरानं विनोद केला आणि समोर फक्त आम्ही तीन माणसं. हसू आलं तरी हेडफोनमध्ये जाईल म्हणून दाबलेलं. तो बिचारा हशासाठी थांबला, मग पुढं गेला, पुढच्या विनोदाला थांबलाच नाही. नाटक झालं, दहीकाला झाला, पण ज्या अर्ध्या जगाची जबाबदारी प्रेक्षकांची असते ते कुणी उभं केलंच नाही. मे महिन्यात, १६ तारखेला, तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. खांब आडवे झाले, कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती, टॉवर बंद. ज्यांची सगळी हजेरी पडद्यावर होती ते एका दुपारीत गैरहजर झाले.

आता दशावतारानंही यंत्राला घरात घेतलंय. जत्रेच्या फलकांवर ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. धूर, रंगीत दिवे, हवेत तरंगणारा देव, धडावेगळं होणारं शिर. जुने जाणकार नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. मोबाइलवर इंग्रजी सिनेमे बघणारं पोर देवळात येऊन बसतंय ना, मग धूर सोडा खुशाल. मला एवढंच दिसतं, की जितका धूर वाढतो तितकं बाकड्याचं काम कमी होतं. आणि बाकड्याचं काम कमी झालं की प्रेक्षकाचंही कमी होतं.

गोगल या रांगेत सगळ्यात शेवटी येतो. तसा तोही नवा नाही. आयव्हन सदरलँड या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९६८ सालीच डोक्यावर घालायचा पडदा बनवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. मेटाव्हर्स हे नाव नील स्टीफन्सनच्या १९९२ सालच्या ‘स्नो क्रॅश’ कादंबरीतलं. २००३ साली ‘सेकंड लाइफ’ या संगणकी जगात लोक घरं-जमिनी घेऊ लागले. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकनं आपल्या कंपनीचं नाव बदलून मेटा केलं आणि सगळीकडे मेटाव्हर्स हाच शब्द झाला. त्या कंपनीच्या मेटाव्हर्सचं काम करणाऱ्या विभागाचा २०२२ ते २०२४ या तीन वर्षांतला तोटा ४७ अब्ज डॉलरांच्या वर गेला. एवढा पैसा ओतूनही लोक त्या जगात राहायला गेले नाहीत. कारखान्यांना मात्र या तंत्राचा उपयोग झाला. यंत्राची हुबेहूब संगणकी प्रत आधी बनवायची, बिघाड तिच्यावर करून बघायचे आणि मग खऱ्या यंत्राला हात लावायचा. शस्त्रक्रियेचा, विमानाचा सरावही असा होतो. जिथं खऱ्या जागी चूक महाग पडते किंवा जाताच येत नाही, तिथं हे तंत्र कामाचं.

या मापानं बघितलं तर आमच्या जिल्ह्यातही त्याला जागा आहे. २०२५ साली जिल्हा प्रशासनानं कामकाजात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली आणि सिंधुदुर्गाचं नाव देशभर झालं. त्याच वर्षीच्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं; त्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे आमचे दोन. पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणारी होडी बंद असते. ज्यांचे गुडघे गेले त्यांना उघडिपीतही होडीत चढता येत नाही. अशांना गोगल लावून तटावरून फिरवा, मी स्वतः कॅमेरा घेऊन येतो. नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ नौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प आहे. पाण्यात उतरू न शकणाऱ्याला तेही दाखवा. दगड आणि समुद्र मानधन मागत नाहीत.

नटाचं तसं नाही. दशावतारी कलाकाराच्या अंगावर सेन्सर लावून त्याची चाल, त्याचं तलवारीचं युद्ध, त्याचा आवाज एकदा भरून घेतला की त्याच्याशिवाय त्याच्याकडून हवं ते आख्यान करून घेता येईल. पिंगुळीची पोथी स्कॅन झाली की सांगणारा कुणीही ठेवता येईल, यंत्रसुद्धा. कॅसेटीत त्याची एक रात्र गेली होती. इथं त्याच्या न केलेल्या रात्रीही जातील. कायदा त्याच्या बाजूनं आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं कलाकाराला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं व्यापारी वापर झाला तर मानधनात वाटा आणि आपलं नाव लावून घेण्याचा अधिकारही मिळाला. तो हक्क पन्नास वर्षं चालतो. पण जत्रेच्या गडबडीत कागद कोण काढतो?

इतक्या वर्षांच्या धंद्यानंतर माझं मत असं झालं आहे: आमच्याकडे जी आभासी जगं टिकली त्यांची साधनं साधी होती आणि हिशोब चोख होता. कुणाचा हक्क, कुठली जागा, कुठली तिथी, किती बिदागी, हे आधी ठरलेलं असे. जिथं साधन भारी झालं आणि हिशोब अंधारात गेला, तिथं चित्र उरलं आणि चित्रवाला उठून गेला. गोगलाचंही यापेक्षा वेगळं व्हायचं नाही.

म्हणून गावोगावच्या देवस्थान समित्यांना आणि दशावतारी मंडळांना माझं सांगणं आहे. येत्या हंगामात कुणी कॅमेरे, सेन्सर, गोगल घेऊन आलं तर त्याला अडवू नका, चहा द्या, बसवा. पण पेटारा उघडायच्या आधी तीन गोष्टी कागदावर घ्या. जे भरून घेतलं त्याची पूर्ण प्रत गावात राहील. प्रत्येक व्यापारी वापरामागं कलाकाराला ठरलेला वाटा मिळेल आणि त्याचं नाव लागेल. कलाकाराच्या आवाजातून आणि अंगातून यंत्रानं नवं काही घडवायचं असेल तर त्याची वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे लागतील. या तिन्हींवर जो सही करेल त्याला पुढच्या रांगेत जागा द्या. जो करणार नाही त्याच्या हातात नारळ द्या.